राजाच्या उत्तराआधी थांबा

गेल्या उन्हाळ्यात दोन्ही नातवंडांना घेऊन लोणारला गेलो होतो. दैत्यसूदनाच्या देवळावरचं कोरीवकाम बघून झालं, ऊन चढलं, म्हणून सावलीला टेकलो आणि आमच्या बुलडाणा जिल्ह्यातले आजोबा सांगत आलेत ती गोष्ट मीही सांगितली. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या गुहेत लपून राही. बाहेर येऊन मुलखाला छळी आणि पुन्हा आत जाऊन वर झाकण ओढून घेई. त्याचा ठावठिकाणा फक्त त्याच्या दोन बहिणींना ठाऊक. मग विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, बहिणींना भुरळ घातली, गुहेचा पत्ता काढून घेतला, पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि दैत्याला मारलं. ती गुहा म्हणजे हे सरोवर, आणि हे खारं पाणी म्हणजे त्याचं रक्त.

थोरल्या नातवानं लगेच सांगून टाकलं की सरोवर उल्का पडून झालंय, शाळेत शिकवलंय. ते खरंच आहे. पण धाकटी नात अजून गोष्टीतच होती. "आबा, त्या बयनींनी बरोबर केलं का?"

"त्यानं लोकायले एवढा तरास देल्ला, मंग सांगतलं तं काय झालं?" थोरला म्हणाला.

"पन तो त्यायचा भाऊ होता ना! आन् त्यायनं लोकायसाठी कुठी सांगतलं? तो पोरगा आवडला म्हनून सांगतलं."

मी गप्प. ही गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल, पण त्या बहिणींकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या घरी एक रिवाज सुरू झाला. तो तुमच्याही घरी सुरू करता यावा म्हणून हा लेख. मुलांना किंवा स्वतःलाच 'आपण कसली माणसं आहोत' हे जाणून घ्यायचं असेल, तर अद्भुत गोष्टींसारखं स्वस्त आणि सोपं साधन दुसरं नाही. फक्त त्या वाचायच्या कशा, हे जरा बदलावं लागतं.

तात्पर्य बाजूला ठेवा

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. 'गोष्टीचे तात्पर्य लिहा' हा प्रश्न मी इतक्या वेळा काढलाय की आता त्याचं ओझं वाटतं. 'नेहमी खरे बोलावे' असं सुवाच्य अक्षरात लिहून गुण मिळवणारा मुलगा पुढच्याच पेपरला कॉपी करताना सापडायचा. तो ढोंगी होता असं नाही. तात्पर्य लिहिताना त्याला काही सोडावं लागलं नव्हतं, कॉपी सोडायची तर मार्क सोडावे लागणार होते.

मराठीत 'मूल्य' या एका शब्दात दोन्ही अर्थ नांदतात. एक म्हणजे जपायची गोष्ट, दुसरा म्हणजे किंमत. बाजार समितीत सोयाबीनचा भाव पाटीवर लिहिलेला असतो, पण खरा भाव कोणता? जो देऊन कुणी माल उचलतो तो. माणसाच्या मूल्यांचंही तसंच आहे. 'आमच्या घरात प्रामाणिकपणाला फार महत्त्व' हा पाटीवरचा भाव झाला. त्यासाठी कधी काय मोजलंत, तिथं खरा आकडा कळतो.

रोजच्या आयुष्यात अशी मोजायची वेळ क्वचित येते, आणि येते तेव्हा घाईत येते. अद्भुत गोष्टीत ती पानोपानी येते. तलवार गळ्याशी असते, दैत्य दारात असतो, पात्राला निवड करावीच लागते आणि आपण मात्र ओट्यावर शेंगा खात निवांत बघत असतो. जोखीम दुसऱ्याची, सराव आपला.

वेताळाची शिस्त

यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडली ती विक्रम-वेताळाची मालिका. माझ्या पिढीला ती 'चांदोबा'तून भेटली. हे मासिक 1947 साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं आणि 1952 पासून मराठीत येऊ लागलं. चित्रकार शंकर यांनी काढलेला तो राजा आजही डोळ्यांपुढे येतो. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. जुन्या पंचवीस गोष्टी संपल्यावरही त्याच साच्यात नव्या गोष्टी वर्षानुवर्षं छापल्या जात होत्या. 1985 साली ती दूरदर्शनवर आली तेव्हा गावात ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे.

मूळ मात्र फार जुनं. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'त ही साखळी आहे आणि तिथला राजा उज्जैनचा नाही. तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन. सिंदखेडराजाहून जालना ओलांडलं की पैठण काही फार लांब नाही. वेताळ आपल्या शेजारचाच म्हणायचा.

या मालिकेची घडणच आपल्या कामाची आहे. एका जोगड्यासाठी राजा झाडावरचं प्रेत वाहून नेतो, त्यातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो, यात श्रेष्ठ कोण? किंवा, दोष कुणाचा? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकणार. म्हणजे बोललं तरी नुकसान, न बोललं तरी नुकसान. इसापाच्या गोष्टीखाली तात्पर्य असतं, इथं प्रश्न असतो. राजाचं उत्तर त्यानंतर येतं. आपल्याला थांबायचंय ते या दोहोंच्या मधे.

बैठक कशी लावाल

आपल्या भागात मोठ्यानं वाचायची सवय अजून गेलेली नाही. घाटावर काय, घाटाखाली काय, 'गजानन विजय'चे एकवीस अध्याय घराघरात वाचले जातात. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. तीच मांडणी इथं चालते.

आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. जेवणं झाल्यावर अर्धा-पाऊण तास पुरतो. मोबाईल दुसऱ्या खोलीत. वाचणारा दर वेळी बदलायचा आणि मुलांनाही वाचू द्यायचं, अडखळले तरी. प्रश्न आला की पुस्तक मिटायचं. मग प्रत्येकानं आपलं उत्तर चिठ्ठीवर लिहायचं, एकमेकांना न दाखवता. ही चिठ्ठी महत्त्वाची. ती नसेल तर घरातला कर्ता जे बोलतो तेच सगळ्यांचं उत्तर होतं, आणि सून तर तोंडच उघडत नाही. लिहिता न येणाऱ्या आजीनं नातीच्या कानात सांगावं.

चिठ्ठ्या उघडल्या की प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारा. तुझ्या मते श्रेष्ठ असलेल्या माणसानं काय मोजलं? आणि ते न मोजता त्याचं भागलं असतं का? दुसरा प्रश्न जास्त खोल जातो. ज्याला दुसरी वाटच नव्हती त्याचं वागणं चांगलं असेल, पण त्यातून त्याचा स्वभाव कळत नाही. वाट मोकळी असतानाही जो अवघड बाजूला वळला, त्याचा स्वभाव कळतो. हे झालं की मगच राजाचं उत्तर वाचायचं. ते पटलं पाहिजे असं मुळीच नाही.

तीन गोष्टी, तीन वयं

*लहान मुलांसाठी सिंहाची.* चार भाऊ विद्या शिकून येतात. जंगलात सिंहाचं हाडूक सापडतं. एक जण त्यावर मांस चढवतो, दुसरा कातडी आणि केस, तिसरा उरलेले अवयव, चौथा प्राण फुंकतो. सिंह उठतो आणि चौघांनाही खातो. दोष कुणाचा? राजा म्हणतो, चौथ्याचा, कारण काय तयार झालंय हे त्याला समोर दिसत होतं. आमच्या नातवानं लिहिलं होतं, 'चौघांचा, कारण कोणीच थांब म्हटलं नाही.' हे उत्तर आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर खात्री न करता पुढं ढकललेल्या निरोपांवर बोलायला वाट मिळते. आपण पहिले नव्हतो, पण चौथे होतो का?

*कॉलेजच्या मुलांसाठी चोराची.* मदनसेनेनं लग्नाआधी एका तरुणाला वचन दिलेलं असतं की नवऱ्याकडे जाण्याआधी एकदा तुला भेटून जाईन. लग्नाच्या रात्री ती हे नवऱ्याला खरंखरं सांगते, तो तिला जाऊ देतो. वाटेत दागिने बघून चोर अडवतो. परत येईन असं सांगते, तोही सोडतो. तो तरुण तिला परस्त्री म्हणून परत पाठवतो. ती शब्दाप्रमाणे चोरापाशी येते आणि तो दागिन्यांना हात न लावता तिला सोडतो. उदार कोण? राजा म्हणतो, चोर. नवऱ्यानं तिचं मन दुसरीकडे आहे असं धरून सोडलं, तरुणाला राजाच्या शिक्षेची भीती होती. चोराला कुणी बघत नव्हतं, आणि चोरी हाच त्याचा धंदा होता.

इथं मुली हमखास वाद घालतात, आणि घालू द्या. तिघं पुरुष सोडणारे की न सोडणारे एवढंच मोजताय, चार वेळा खरं बोलली ती कोण? वेताळानं तिचं नाव पर्यायातच ठेवलं नव्हतं. प्रश्न ज्या तऱ्हेनं विचारला जातो त्यातच कुणाला मोजायचं नाही हे ठरून जातं. ही जाण आली तर ती बैठक सोन्याची समजा. आपल्याच बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री पुरुष तुलना' लिहून हेच तर केलं होतं. स्त्रीला दोष देणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याऐवजी त्यांनी प्रश्न विचारणाऱ्यांनाच उभं केलं.

*मोठ्यांसाठी वीरवराची.* ती जड आहे, मुलाचा बळी आहे, म्हणून लहानांपुढे नको. रात्री रडणाऱ्या एका बाईकडून कळलेलं राजावरचं मरण टळावं म्हणून सेवक वीरवर देवीपुढे पोटचा मुलगा देतो, आणि मग मुलगी, बायको, स्वतः असं सगळं कुटुंबच संपतं. लपून बघणारा राजाही स्वतःच्या गळ्याला तलवार लावतो, तेव्हा देवी सगळ्यांना उठवते. पुढं राजा काही न कळल्यासारखं विचारतो, रात्री रडणारी ती बाई कोण होती? वीरवर सांगतो, मला बघताच ती नाहीशी झाली, बाकी काही नाही. एवढं मोजून त्यानं पावती मागितली नाही. निष्ठा कुठं संपते आणि वेड कुठं सुरू होतं, यावर आमच्या घरी तीन संध्याकाळी गेल्या.

वीरवराचा हिशेब

याच गोष्टीत सुरुवातीला एक बारीक तपशील आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. वीरवराला रोज पाचशे दिनार मिळत. राजा गुपचूप माणसं लावून बघतो, हा एवढ्या पैशांचं करतो काय? शंभर तो बायकोच्या हाती घरखर्चाला देई, शंभराचे कपडेलत्ते आणि विडे, शंभर देवपूजेला, आणि उरलेले दोनशे ब्राह्मण आणि गोरगरिबांना. राजानं त्याला 'तुझी मूल्यं काय' असं विचारलं नाही. खर्च बघितला.

तुम्हीही बघा. कागदावर डावीकडे पाच गोष्टी लिहा, ज्या तुम्हाला सगळ्यात प्रिय आहेत असं तुम्ही सांगता. आईबाप, मुलांचं शिक्षण, शेत, तब्येत, देव, गाव, काहीही. उजवीकडे गेल्या महिन्याचा पैसा आणि वेळ कुठं गेला ते लिहा. पैशाचं बँकेच्या पासबुकात सापडेल, वेळेचं मोबाईलच सांगतो. मग दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचा.

माझा कागद सांगतो. डावीकडे मी दुसऱ्या क्रमांकावर 'भाऊबंद' लिहिलं होतं. उजवीकडे, गेल्या काही वर्षांत चुलतभावासोबतच्या बांधाच्या भांडणात घातलेला पैसा आणि तारखांना घातलेले दिवस होते. बांध कुणी कोरला यावर आमचं आजही एकमत नाही. पण जी वीतभर जमीन मी मागत होतो तिच्या कितीतरी पट मी मोजून बसलो होतो, आणि डाव्या बाजूला 'वीतभर जमीन' असं मी कुठंच लिहिलेलं नव्हतं.

असा कागद निघाला तर घाबरू नका आणि लगेच शपथाही घेऊ नका. फक्त एकच ओळ निवडा, जिथं डावं-उजवं सगळ्यात जास्त फाटलंय, आणि पुढच्या महिन्यात तिथं एक लहानशी रक्कम किंवा एक संध्याकाळ इकडून तिकडे हलवा.

हॅरी पॉटर वाचणाऱ्यांसाठी

तुमच्या घरची मुलं वेताळाला जुनाट म्हणत असतील तर त्यांच्या मालिकेत शिरा. हॅरी पॉटरची सात पुस्तकं 1997 ते 2007 या काळात आली, मराठीतही आहेत. पहिल्याचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. मुलं 'मी ग्रिफिंडॉरची, तू स्लिदरिनचा' असा खेळ खेळतात. खेळू द्या, पण तिथंच थांबू नका. जात सांगावी तसं गट सांगून स्वभाव कळत नाही. गट ठरवणारी टोपी हॅरीला स्लिदरिनमध्ये टाकायचा विचार करत होती, तो मनात नको नको म्हणत राहिला म्हणून तो दुसरीकडे गेला, हे मुलांनाच आठवायला सांगा.

त्याच पुस्तकातले आणखी दोन प्रसंग आमच्याकडे फार चालले. शेवटी सगळ्या पराक्रमांचे गुण वाटून झाल्यावर नेव्हिल नावाच्या घाबरट मुलाला दहा गुण मिळतात आणि तेवढ्यानंच चषक जिंकला जातो. कशाचे? तो रात्री चोरून बाहेर निघालेल्या स्वतःच्या मित्रांना आडवा आला होता. शत्रूला आडवं जाणं आणि मित्राला आडवं जाणं यात महाग काय? दहावीच्या परीक्षेत खिडकीखाली कॉपी पुरवायला जमलेल्या आपल्याच पोरांना 'हे बरं नाही' म्हणणारा मुलगा काय मोजतो, हे प्रत्येक गावाला माहीत आहे.

दुसरा प्रसंग परिसाचा. तो जादूच्या आरशातून अशालाच मिळतो ज्याला तो शोधायचाय, पण वापरायचा नाही. मुलांना विचारा, तुम्हाला काय हवंय जे मिळूनही वापरायचं नाही? पहिल्यांदा हसतील. मग एखादी म्हणेल, "मैत्रिणीचं गुपित." तेवढं पुरे.

या चुका टाळा

उत्तरावरून मुलाला कधीही रागवू नका. 'मी पण चोरी केली असती' असं त्यानं खरं लिहिलं आणि तुम्ही डोळे वटारले, की पुढच्या वेळी चिठ्ठीवर पुन्हा तात्पर्य येईल. तुम्हीही खरंच लिहा, चांगलं दिसेल ते नको. गोष्टीतल्या दुष्टाला घरातल्या किंवा गावातल्या माणसाचं नाव देऊ नका, गंमत म्हणूनही नको. आणि एका बैठकीला एकच गोष्ट. पंचवीस गोष्टी म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष झालं, घाई कसली?

चिठ्ठ्या फेकू नका. एका डब्यात तारीख घालून ठेवा. वर्षानं तीच गोष्ट पुन्हा वाचा आणि मगच जुनी चिठ्ठी उघडा. उत्तर बदललं असेल तर मधल्या वर्षात काय झालं ते आठवा.

चोविसावा प्रश्न

या मालिकेचा शेवट अनेकांना आठवत नाही. चोविसाव्या गोष्टीत एक राजा आणि त्याचा मुलगा पावलांचे ठसे बघून लग्नं ठरवतात आणि गफलतीनं बापाला मुलगी, मुलाला तिची आई मिळते. वेताळ विचारतो, त्यांना झालेली लेकरं एकमेकांची कोण? राजाला उत्तर सापडत नाही. तो काही न बोलता चालत राहतो. आणि इतक्या फेऱ्यांनंतर वेताळ पहिल्यांदा परत उडून जात नाही. उलट खूश होऊन सांगतो की ज्या जोगड्यासाठी तू हे प्रेत वाहतोयस तो तुझाच बळी देणार आहे, सांभाळ. तेवीस हुशार उत्तरांनी जे मिळालं नाही ते एका गप्प राहण्यानं मिळालं.

यंदाच्या आखाजीला मी चुलतभावाकडे गेलो. पाच वर्षांत पहिल्यांदा. वहिनीनं मांडे वाढले. बांध कुणी कोरला हे मी काढलं नाही, त्यानंही काढलं नाही. घरी आल्यावर नातीनं विचारलं, "मंग चूक कोनाची होती, आबा?"

लोणारच्या त्या बहिणींचं उत्तरही मी तिला अजून दिलेलं नाही. दोन्ही चिठ्ठ्या डब्यात कोऱ्याच ठेवल्यात, तारीख घालून.